आहे म्हणते

सकाळी अकरा वाजता अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात हजेरीचा प्रोग्राम बंद पडला. त्याला लागणारं एक मॉड्यूल सापडत नाही, एवढंच संगणक सांगत होता. गजेंद्रनं तपासलं, तर मॉड्यूल टाकलेलं होतं. दुपारपर्यंत तो तेच पुन्हापुन्हा तपासत राहिला. शेवटी थकून त्यानं शेजारच्या टेबलावरच्या आकांक्षाला बोलावलं.

ती पाहून हसली. "सर, या मशीनवर प्रोग्राम चालवणारे पायथन दोन आहेत, एक जुना, एक नवा. तुमी जुन्याले विचारून राहिले, तो 'आहे' म्हणते. काम नवा करून राहिला, अन् त्याच्यापाशी नाही."

"डोकं पिकवलं ना बाप्पा यानं!"

तेवढ्यात अकोल्याहून थोरल्या भावाचा फोन आला. "गजू, आईले दे बरं."

"आई तर तुयापाशी आहे ना, भाऊ?"

"अबे, सोमवारीच अमरावतीच्या गाडीत बसवून दिली तिले. मले म्हणे, मीच सांगतो गजूले."

आज गुरुवार होता. गजेंद्रनं आईचा नंबर लावला. फोन बंद होता.