वरून आलेला निरोप

केसांना रंग लावून झाला, डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढली, आणि मगच ताईंनी डोळे मिटले.

"प्रभू बोलतोय," त्या म्हणाल्या. "तुझ्याबद्दल."

पार्लरवालीने ब्रश वाटीत ठेवला. चर्चच्या प्रार्थनामंडळात ताईंना दर्शनं होतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकीला त्यांनी नवऱ्याची नोकरी सांगितली, ती लागली. दुसरीला पोटातली गाठ सांगितली, ती सापडली. त्यामुळे ताईंनी डोळे मिटले की बायकांचे हात आपोआप जोडले जात. पार्लरवालीचे हात रंगाने भरले होते. तिने ते नुसतेच पुढे धरले.

"तुझी कूस उगीच बंद नाही, बाळ. घरात एक छाया आहे. म्हातारी. तिचं मन काळं आहे. ती घराबाहेर गेली की वर्षाच्या आत तुझ्या मांडीवर मूल. मला त्याचं जावळसुद्धा दिसतंय. दाट."

म्हातारी म्हणजे पार्लरवालीची सासू. ती त्याच खोलीत, चार पावलांवर, कापलेले केस झाडत होती. झाडू थांबला.

पार्लरवालीला दोनदा दिवस गेले होते आणि दोनदा पोट रिकामं झालं होतं. तेव्हापासून कुणी तान्ह्याला केस कापायला आणलं, की ती त्यांना कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे पाठवायची. दाट, म्हणाल्या ताई.

सासूच आधी बोलली. "माझं काय, एक पिशवी भरायची. लेकीकडे जाईन. मुलाला सांगेन, मलाच हवापालट हवा होता म्हणून."

"आई, तुम्ही झाडा."

"झाडतेच आहे. सांगितलं आपलं. तुमचं भलं होत असेल तर मध्ये माझी अडगळ कशाला?"

"बघ," डोळे न उघडता ताई म्हणाल्या. "तिलासुद्धा कळतंय."

पार्लरवाली बेसिनपाशी गेली. नखांच्या कडेचा रंग निघेना, तरी घासत राहिली. सासू काही देवमाणूस नव्हती. चहा गार आहे म्हणून परत पाठवायची, गिऱ्हाइकांदेखत सुनेच्या चुका मोजायची, आणि तिचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू यायचं. ही नसती तर बरं झालं असतं, असं पार्लरवालीच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं. आल्या पावली तिने ते हाकललंही होतं. आज तेच, जसंच्या तसं, देवाचं नाव लावून खुर्चीत येऊन बसलं होतं. तिला खटकलं ते हेच.

"ताई, हे प्रभूच म्हणाला?"

"स्पष्ट."

"मग तो माझ्या ओळखीचा नव्हे." ती टॉवेलला हात पुसत वळली. "माझ्या ओळखीचा वधस्तंभावर लटकत होता. श्वास पुरत नव्हता, तरी खाली उभ्या असलेल्या आईची सोय लावून गेला. तो मला सांगेल, म्हातारीला बाहेर काढ म्हणून?"

ताईंनी डोळे उघडले. "माझा एकही शब्द आजवर खाली पडलेला नाही."

"हाही नाही पडणार कदाचित. आईंना घालवलं आणि खरंच मूल झालं, तर? त्याला मांडीवर घेऊन मी आभार कुणाचे मानायचे?"

"पवित्र आत्म्याला विरोध करतेयस तू. रविवारी मला मंडळीपुढे सांगावं लागेल. आणि तुझं निम्मं गिऱ्हाईक तिथलंच आहे, विसरू नकोस."

"सांगा की. मी पुढच्याच बाकावर बसते, बोट दाखवायला सोपं जाईल तुम्हाला."

सासू खुदकन हसली आणि लगेच खाली बघून झाडू लागली.

ताई ताडकन उठल्या. टोपीखालून रंगाचा एक ओघळ निघाला आणि कानावर आला. समोरच्या आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं. त्या अवतारात रस्त्यावर जाणं शक्य नव्हतं. त्या परत बसल्या.

"चढायला वेळ आहे अजून," पार्लरवाली म्हणाली. कानावरचा ओघळ तिने ओल्या कापसाने टिपला, हलक्या हाताने. तिथली कातडी लगेच चुरचुरते.

मग तिने केस धुतले, वाळवले, भांग पाडला. रंग झकास आला होता. ताईंनी पैसे ठेवले, आरशाकडे न बघता निघाल्या, आणि दार उघडंच टाकून गेल्या.

सासूने जाऊन दार लावलं.

"दाट म्हणाली गं ती."

"ऐकलं मी."

"खरं बघितलं असेल तर?"

"बसा इथे," पार्लरवालीने खुर्चीवरचं कापड झटकलं. "मानेवरचे वाढलेत तुमचे."

सासू बसली. आरशात दोघी दिसत होत्या. सुनेच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते ती पुसत नव्हती, दोन्ही हात कामात होते. सासूने बराच वेळ पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"चांगले आखूड काप," शेवटी ती म्हणाली. "अख्खा उन्हाळा इथेच काढायचाय मला."