लोकांनी काढलेला नकाशा

विकास वरून लादायचा नसतो, तो गावाच्या मातीतूनच उगवावा लागतो, असं जालन्याहून जीपने आलेल्या साहेबांनी सांगितलं. म्हणून १९९७ साली तीर्थपुरीजवळच्या एका गावात कुठल्या जमिनीचं काय करायचं याचा नकाशा लोकांनीच देवळासमोर रांगोळीने काढला. शेतीला पिवळा रंग, पाण्याला निळा, आणि गायरानावर होणाऱ्या जंगलाला हिरवा. हिरवा कमी पडला तेव्हा झुंबरबाई गायरानावरच्या आपल्या घरी पळत गेली आणि दिवाळीतला उरलेला डबा घेऊन आली.

डबा रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, आमचं घर दावायचं राह्यलं की."

"मावशी, हे वीस वर्षांनंतरचं गाव आहे."

"मंग तवा आमी कुठं ऱ्हाऊ?"

"गार सावलीत, झुंबरबाई! बस आता खाली," सरपंच म्हणाले. लोक हसले, साहेबांनी फोटो काढला आणि ठराव एकमताने पास झाला.

पावसाळ्याच्या तोंडावर झुंबरबाईला घर पाडायची नोटीस आली. सोबत ग्रामस्थांच्या त्या ठरावाची नक्कल होती.



त्यावर पहिला अंगठा झुंबरबाईचा आहे.