एकोणीस जुलैचं माप

कपाटं सात. त्यांत फायली एक हजार दोनशे अठरा, हजेरीपट एकतीस, आवक-जावक रजिस्टरं नऊ आणि तळाच्या कप्प्यात पावसाच्या वह्या बावीस. एका वहीला वाळवी लागली होती. तिची पानं नीट मोजता येईनात, म्हणून अपेक्षाने यादीत ‘अंदाजे चाळीस’ असं लिहिलं.

जीवशास्त्र संशोधन संस्थेचं शिराळा तालुक्यातलं हे केंद्र शुक्रवारी बंद होणार होतं. कार्यालयाचं दप्तर कागदाच्या लगद्याला जाणार होतं, मापांच्या वह्या मुख्यालयात. यादी करायला सहा महिन्यांच्या करारावर घेतलेली अपेक्षा होती. सह्या करायला अधीक्षक कृष्णात मोहिते.

शालूबाई दारात उभी राहिली तेव्हा अकरा वाजले होते. पिशवीतून तिने संस्थेचं एक जुनं पत्र काढलं. तिचा नवरा कोंडीबा इथं रोजंदारीवर होता. दहा वर्षांपूर्वी पर्जन्यमापकाजवळ त्याला घोणस चावली आणि संध्याकाळपर्यंत तो गेला. पत्रात होतं : सदर इसम त्या दिवशी कामावर नव्हता, विनापरवाना आवारात शिरला होता.

“चंदन चोराय शिरला म्हणत्यात गावात,” शालूबाई म्हणाली. “आता नातू साळंत जातुया. पोरं त्येला चोराचा नातू म्हणत्यात. बाई, माणूस कामावर हुता, एवढंच लिवून द्या. शुक्रवारनंतर मी कुणाच्या दारात जाऊ?”

अपेक्षाने त्या वर्षाचा हजेरीपट काढला. एकोणीस जुलैच्या चौकोनात लाल शाईत ‘ब्रेक’ होतं. तिने मागची पानं उलटून मोजलं. त्याआधी सलग एकोणनव्वद हजेऱ्या होत्या.

“मावशी, या दिवशी त्यांना ब्रेक होता.”

“कागदावर हुता. नव्वद दिस सलग भरलं तर माणसाला कायम करावं लागंल, म्हणून नव्वदाव्या दिशी ब्रेक. पर घरी बसलं तर फुडच्या खेपंला बोलवीत न्हाईत. समदी येत हुती त्या दिशी. आमचं हे तर म्हणायचं, मापाला सुट्टी नसती.”

अपेक्षाने खाली बसून तळाचा कप्पा ओढला. बावीसपैकी चौदावी वही. जुलै २०१५. एकोणीस तारीख, सकाळी साडेआठ, ६२.४ मिलिमीटर. पुढे सही नव्हती. तिथे कधीच कुणाची नसायची.

शालूबाईने पानावर बोट ठेवलं. “ह्यो दोन बघा. शेपटी लांब ओढल्याली. त्येचाच हाय. चुन्यानं भिंतीवर दुधाचा हिशेब लिवायचा, तवा बी असाच काढायचा.” मग ती हसली. “मी लय भांडायची त्या शेपटीवरनं. फुडच्या आकड्यात शिरायची ती.”

अपेक्षाने वही आणि हजेरीपट दोन्ही मोहितेंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी आधी दार लोटलं. मग चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, दोनदा.

“त्याचाच आहे आकडा,” ते म्हणाले. “शिराळ्याला नेताना जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.”

“मग लिहून द्या ना, सर.”

“बस.” त्यांनी हजेरीपटावर हात ठेवला. “तो कामावर होता असं मी लिहिलं, की हा ब्रेक खोटा. हा खोटा, की एकतीस हजेरीपटांतले सगळे खोटे. सही कुणाची आहे त्यांच्यावर?”

अपेक्षाने बघितलं. प्रत्येक पानाखाली एकच सही होती.

“मला निवृत्तीला अजून चौदा महिने आहेत गं,” मोहिते म्हणाले.

“त्या बाहेर बसल्यात, सर. काय सांगू?”

“रेकॉर्डमध्ये सापडलं नाही म्हणून सांग.” त्यांनी वही स्वतःकडे ओढली. “आणि ही मुख्यालयात जाणार. उद्या कुणी माहिती अधिकारात मागितली, तर कामावर नसलेल्या माणसाचं माप दप्तरात आलं कसं, असं विचारतील.”

टोपण काढून त्यांनी एकोणीस जुलैच्या ओळीवर लाल रेघ मारली. समासात ‘अनधिकृत नोंद, रद्द’ असं लिहून सही केली. दोनाची शेपटी रेघेखालूनही दिसत होती. त्यांनी आणखी एक रेघ मारली.

“सर, पाऊस तर पडला होता.”

“पडला असंल. मोजला कुणी?”

मोहितेंनी वही तिच्यापुढे सरकवली. “संगणकावर पण दुरुस्त कर. बेरीज जुळली पाहिजे.”

ओसरीवर शालूबाई पायरीला टेकून बसली होती. पत्र तिने परत पिशवीत घातलं नव्हतं. नवा कागद त्याच घडीत ठेवायचा होता. खिडकीतून तिने आत बघितलं.

“सापडलं न्हवं, बाई? द्या सावकाश. माझी एसटी चारला हाय.”

अपेक्षाने मान खाली घातली आणि तक्ता उघडला. एकोणीस तारखेचा चौकोन रिकामा केला. खालची बेरीज आपोआप बदलली.

जुलै २०१५, एकूण पाऊस. आधी : ८४६.२ मिलिमीटर. आता : ७८३.८ मिलिमीटर.