बेड शिल्लक आहे

भाग्यलक्ष्मीनं माग बंद केला आणि आण्णाप्पा खडबडून जागे झाले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

बेळगावच्या शहापुरात घरोघरी विणकरांचे यंत्रमाग आहेत; कुणी वारलं की त्या गल्लीतले माग बंद होतात. एरवी ते दिवसभर खडखडत असतात आणि माणसं त्यात गाढ झोपतात.

"कोण न्हाय, आप्पा," लेक म्हणाली. "विम्याचा निशांत आलाय. त्याचं बोलणं ऐकू येईना."

आण्णाप्पांनी तरी खात्रीसाठी स्वतःची नाडी बघून घेतली.

फुफ्फुसं पार गेली होती. आता करण्यासारखं काही नाही, घरीच ठेवा, ऑक्सिजन लावा, त्रास कमी होईल एवढं बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आण्णाप्पांनाही तेच हवं होतं. घरच्या ऑक्सिजनचा आणि नर्सचा खर्च विमा देतो का, एवढाच प्रश्न होता.

निशांतनं पॉलिसी समजावून सांगितली. दवाखान्यात दाखल झाले तर सगळं मिळेल. आयसीयू, व्हेंटिलेटर, हव्या तेवढ्या नळ्या. घरी काही नाही. पेशंट हलवण्याच्या अवस्थेत नसेल, किंवा दवाखान्यात बेडच शिल्लक नसेल, तरच घरचे उपचार धरतात.

सगळ्यांनी आण्णाप्पांकडे बघितलं. सकाळीच उठून आपण मागावरचा तुटलेला धागा जोडला, असं त्यांनी अभिमानानं सांगून टाकलं. त्यांच्या बायकोनं, नागुबाईनं, कपाळाला हात लावला.

मग भाग्यलक्ष्मी फोन करायला बसली. गेल्या वर्षी याच आप्पांसाठी बेड शोधत ती अख्खं बेळगाव फिरली होती. आज पहिल्याच दवाखान्यानं लगेच या म्हटलं. दुसऱ्यानं खिडकीजवळचा बेड देऊ केला. तिसऱ्यानं तर ॲम्ब्युलन्स पाठवू का म्हणून विचारलं.

"जरा नीट बघा की. भरलं असंल," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

तुमच्यासाठी कसंही करून करतो मॅडम, असं पलीकडून उत्तर आलं.

निशांतलाही वाईट वाटत होतं. त्यानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. शेवटी म्हणाला, "काका, दवाखान्यातच जावा. सगळं विम्यात बसतंय."

"तिथं माग हाय?"

निशांतनं कागदात बघितलं. "नाही."

"मागल्या खेपेला डोळ्याला डोळा लागला न्हाय. लई गप्प असतंय रं तिथं. सारखं वाटायचं, कोणतरी गेलंय."

यावर पॉलिसीत काहीच नव्हतं. नागुबाई पदर खोचून उठली. मालक कुठं जायचे नाहीत, ऑक्सिजनचं आमचं आम्ही बघू, माग चालतोय तोवर काय अडत नाही, असं तिनं निशांतला सांगितलं. त्याला चहा दिला. मग लेकीला मानेनं खूण केली.

भाग्यलक्ष्मीनं मागाच्या बटणावर बोट ठेवलं.

"थांब गं," आण्णाप्पा म्हणाले. "मी गेलो म्हणून माग लगेच बंद करू नको."

"का, आप्पा?"

"जाग यील मला."