थुंकीचं माप

“थुंका,” मेहुणा म्हणाला.

तो थुंकला. पहिल्या नमुन्याची व्हिस्की स्टीलच्या भांड्यात पडली. मग कागदावर लिहिलं: धूर, मीठ, शेवट कडवट. शंभरपैकी एक्क्याऐंशी.

“आता तोंड उघडा.”

“दादा, मी काय शाळेतलं पोर आहे?”

“शाळेतल्या पोरावर विश्वास ठेवता येतो, जावईबापू.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोरगी खाली मामाच्या गाडीत, मामीजवळ. कपड्यांची बॅग डिकीत गेली होती. आज नवरा एक थेंब जरी प्याला असं दिसलं, तर बायकोही त्याच गाडीत बसणार होती. मेहुण्याने आल्या आल्याच तसं सांगितलं होतं.

कारण होतं. गेल्या आठवड्यात घरात गॅस चालू राहिला. परवा पोरगी अंधार पडेपर्यंत शाळेच्या फाटकाशी उभी होती, न्यायला कोणी गेलं नाही. आणि घरात पाऊल टाकलं की दारूचा वास.

“माझंच लक्ष नव्हतं, दादा,” बायको म्हणाली.

“नवऱ्याला पाठीशी घालू नकोस. ओता दुसरी.”

एके काळी हा रस्त्यात पडेपर्यंत प्यायचा. मग लिव्हरने दगा दिला. डॉक्टर म्हणाला, यापुढे एक घोट म्हणजे खेळ खलास. दारू सुटली, पण नाक आणि जीभ शाबूत राहिली, आणि दुसरं काही येत नव्हतं. व्यापारी सिंगल माल्टच्या सीलबंद बाटल्या पाठवायचा. हा चाखायचा, थुंकायचा, गुण द्यायचा. उरलेलं लोखंडी कपाटात, किल्ली याच्या गळ्यात. ज्या दारूने माणसाला खाल्लं तीच आता त्याच्या पोरीची फी भरत होती. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गुण छापून येतात, लोक वाचतात, बाटल्या खपतात. माणूस मेला तर दुसरी जीभ मिळते.

मेहुणा प्रत्येक नमुना स्वतः मापाने ओतत होता. दुसरा थुंकून झाला तसं बायकोने पातेलं पुढे सरकवलं.

“चूळ यात टाका. भांड्यात पाणी मिसळलं तर दादाचं माप चुकेल.”

“ती नेहमीच वेगळं ठेवते,” तो मेहुण्याला म्हणाला. “फार शिस्त तिची.”

“त्या शिस्तीवर तर जगलात.”

चौथा नमुना जुना होता, शेरी वाइनच्या पिंपात मुरलेला. याने निमुळत्या ग्लासात नाक घातलं आणि डोळे मिटले. घोट तोंडात घेतला. फिरवला. थांबला. फारच वेळ थांबला. कंठमणी वर गेला.

“गिळलंत!” मेहुणा खुर्चीवरून उठला.

त्याने मान हलवली आणि भांड्यात थुंकला. डोळ्यांत पाणी होतं.

“जीभ म्हणते गिळ. रोज म्हणते. रोज थुंकतो. तुमचं काय, दादा, तुम्ही एकदा माप घेऊन घरी जाल.”

त्याचे हात थरथरत होते. दारात बायकोचे त्याहून जास्त. तिने ते काखेत दाबून धरले.

“पाचवा राहिलाय,” ती म्हणाली. “तोही करून टाका. होऊ दे एकदाचं.”

पाचवा झाला. मेहुण्याने भांडं मापात ओतून पाहिलं, पुन्हा भांड्यात ओतलं, पुन्हा मापलं. ओतलं होतं तेवढं परत आलं होतं, लाळेपायी थोडं जास्तच. कपाट उघडायला लावून त्याने बाटल्या उजेडात धरल्या. सगळं जागच्या जागी.

मेहुण्याने खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं. मग त्याने फोन लावला. “पोरीला वर पाठव. हो, बॅगसुद्धा.”

पोरगी धावत वर आली आणि आईच्या कमरेला बिलगली.

“चुकलो, जावईबापू,” मेहुणा म्हणाला. या वेळी त्या शब्दात टोमणा नव्हता. “आणि तू, बाई, घर सांभाळते आहेस ते दिसतंय. पोर आईजवळच बरी.”

जाता जाता त्याने तोंड वाकडं करून भांडं उचललं. “हे बेसिनमध्ये ओतून येतो.”

“राहू दे, दादा! माझं काम आहे ते.”

“ती कुणाला हात लावू देत नाही,” नवरा म्हणाला. “मलाही नाही. म्हणते, वासाने तुमचं मन चळेल.”

मेहुण्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जिना उतरला.

तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. चहाची गाळणी ग्लासवर धरली आणि भांडं हळूहळू, थेंबही सांडू न देता, तिरपं केलं. बाहेरून पोरगी हाका मारत होती. “आले गं,” ती म्हणाली, ग्लास एका दमात रिकामा केला आणि पुन्हा गाळणी धरली.