झोपायच्या दोन खोल्या

विनिफ्रेडबाईंच्या आवारात मी खणून घेतलेल्या चाचणीच्या खड्ड्यात बावीस इंच खोलीवर मातीत गंजासारखे ठिपके होते. म्हणजे बर्फ वितळला की भूजल तिथवर चढतं. उताराखाली शेजाऱ्यांची विहीर होती. आमचं आरोग्य मंडळ सेप्टिक टाकी झोपायच्या खोल्या मोजून मंजूर करतं. या मातीला दोनच झेपणार होत्या. विनिफ्रेडबाईंना तळमजल्यावर तिसरी हवी होती, पायांनी अधू बहिणीसाठी. अर्ज तीन महिने लोंबकळत होता. "नकाशावर शिवणाची खोली लिहा की," त्या म्हणाल्या. "बाई, सगळेच शिवणाची खोली लिहितात. गावात एवढं शिवतं कोण?" मंडळाचे अध्यक्ष हसले. "दार असलं की आम्ही मोजणार." "वरची एखादी कमी करा," मी म्हटलं. "दाराच्या जागी पाच फूट रुंद उघडी वाट पाडा, मग ती झोपायची खोली म्हणून मोजणार नाही." वर एक त्यांची, दुसरी मुलाची, तो वारल्यापासून अकरा वर्षं बंद. त्यांनी नकाशावर त्या बंद खोलीवर बोट ठेवलं. "ऑरिनचं सामान मी आवरते. दार काढा."