रंकाळ्यावरची चौऱ्याहत्तर सालची शर्यत

रंकाळ्यावरच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत हंबीरराव आयुष्यात पहिल्यांदाच मीरासाबाच्या पुढं होता. शेवटचा झेंडा हाताच्या अंतरावर आला आणि मागं धप्पकन आवाज झाला. मीरासाबाची होडी उलटली होती. "मेलो, मेलो," तो बोंबलला. क्लबाचा कायदा कडक: कुणी पाण्यात पडलं, की जवळच्यानं शर्यत सोडून त्याला वाचवायचं. हंबीररावानं होडी वळवली आणि अशा शिव्या हासडल्या, की डुंबणाऱ्या म्हशी लाजून काठावर चढल्या. शर्यत भलत्यानंच जिंकली. मानगूट धरून मीरासाबाला वर ओढत हंबीरराव गरजला, "पंचगंगेच्या पुरात पोहतोस की रं! बोंबललास कशाला?" "तू जिंकल्यावर वर्षभर तुझी बडबड कोण ऐकणार, मर्दा?" मीरासाबानं दात काढले. हंबीररावानं त्याला उचलून परत पाण्यात फेकलं. "बुडालो!" मीरासाब ओरडला. काठावरून पंच बघत होते. दातओठ खात हंबीररावानं हात पुढं केला.